नारायणरावांच्या पडवीतली खानावळ

देवळाली प्रवरातल्या शाळेत आयुष्यभर कारकुनी केलेले नारायणराव उतारवयात राजूरजवळच्या डोंगरात खानावळ काढतील, असं कुणी म्हटलं असतं, तर सगळ्यात आधी तेच हसले असते. चहापलीकडे त्यांना काही येत नव्हतं. पत्नी, सुचित्राताई, आजारी पडल्या, तेव्हा त्या पलंगावरून सांगायच्या आणि नारायणराव ओट्यापाशी उभे राहून करायचे. "आता गूळ. अहो, खडा म्हटलं, ढेप नव्हे!" अशा रीतीने ते आमटी शिकले.

त्या गेल्या आणि घर खायला उठलं. मुलगी रुचा त्यांना आपल्याकडे घेऊन आली.

रुचा डोंगरउतारावरच्या एका लहानशा वाइनरीत वाइन बनवायची. नारायणरावांना लेकीचं कौतुक होतं, पण नातेवाइकांनी विचारलं की ते "फळप्रक्रियेत असते" एवढंच सांगून विषय बदलायचे. वाइनरीत त्यांनी कधी पाऊलही टाकलं नव्हतं.

घर मात्र वाइनरीच्या रस्त्यालाच होतं. शनिवार-रविवारी पुण्या-नाशिकच्या गाड्या यायच्या. माणसं बागेत हिंडायची, वाइन चाखायची आणि भुकेजून बाहेर पडायची. "काका, इथं जेवायला कुठं मिळेल?" हा प्रश्न नारायणरावांना रोजचाच झाला. ते राजूरचा रस्ता दाखवायचे.

एकदा भर दुपारी एका गाडीत एक म्हाताऱ्या बाई भुकेनं अगदी गळून गेलेल्या दिसल्या. त्यांना राजूर कसलं दाखवायचं? नारायणराव म्हणाले, "आत या. आमटीभात आहे." बाईंनी भात दोनदा मागून घेतला आणि विचारलं, "सूनबाईंनी केली का आमटी?"

"नाही, मीच."

बाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग पाटी का लावत नाही?"

हे ऐकत होती शेजारची केशरबाई. ती बागेत छाटणी-तोडणीला जायची आणि मनात आलेलं तोंडावर बोलायची. संध्याकाळी कुंपणापाशी येऊन म्हणाली, "अण्णा, नुसत्या भातावर मानसं टिकायची न्हाईत. नाचणीच्या भाकरी मी थापते. अन् रविवारी हुलग्याची शेंगोळी. लई चालंल, बघा."

आणि खरंच चाललं. पडवीत चार बाकडी आली. नारायणरावांची अट एकच होती, पडवीत बाटली उघडायची नाही. रुचा हसून म्हणाली, "नाही उघडणार, बाबा. पिऊन झालं की तुमच्याकडे पाठवते."

फेब्रुवारीत द्राक्षतोडणी ऐन भरात आली असताना नारायणरावांचे थोरले चुलतभाऊ, अनंतदादा, भंडारदऱ्याला निघालेले वाटेत उतरले. सोबत वहिनी होत्या. पडवी गच्च भरलेली. दादा आमटी भुरकत असतानाच रुचा घाईघाईने जेवायला आली. कोपरापर्यंत हात जांभळे.

"काय गं, रंगपंचमी आधीच खेळलीस?" दादांनी विचारलं.

"द्राक्षं, काका. आमच्या फळप्रक्रियेत असंच होतं." एवढं बोलून तिनं बापाकडे हळूच पाहिलं.

नारायणरावांच्या हातातला डाव तसाच राहिला. म्हणजे हिला माहीत होतं! आपण लोकांना काय सांगतो ते हिनं ऐकलं होतं, आणि एका शब्दानं न बोलता आता आपल्यालाच सांभाळून घेत होती.

"दादा," ते एकदम म्हणाले, आणि आवाज जरा मोठाच लागला, "रुचा वाइन बनवते. ही सगळी मंडळी तिच्या हातची वाइन चाखायला येतात, आणि मग माझ्याकडे जेवतात."

भाकरी थापणारा केशरबाईचा हात थांबला. दादांनी भाताचा घास सावकाश गिळला.

"तरीच!" ते म्हणाले. "इतक्या आडबाजूला तुझ्याकडे गर्दी कशी, हेच मला मघापासून कळत नव्हतं."

वहिनी तर हात धुऊन तयारच. "रुचा, दाखव गं आम्हाला तुझा कारखाना. यांचा भंडारदरा पळून जात नाही."

सगळे निघाले. नारायणरावांनी केशरबाईच्या हाती डाव दिला, पंच्याला हात पुसले आणि तेही मागोमाग चढ चढू लागले. आत उंच पिंपं होती, सगळीकडे आंबूस-गोड दरवळ होता. रुचानं वरचं झाकण उघडून बापाला शिडीवर चढवलं. खाली जांभळी सालं फसफसत वर येत होती.

"अगं, हे तर इडलीच्या पिठासारखं फुगतंय!"

"तसंच असतं, बाबा," रुचा म्हणाली. तिनं शिडी घट्ट धरली होती आणि तिचे डोळे भरून आले होते. "फक्त जरा जास्त दिवस थांबावं लागतं."

ते अजून वाकून पाहणार, तोच खालून केशरबाईची हाक आली.

"अण्णा! आनखी तीन गाड्या आल्यात! आमटी संपत आली, काय करू?"

"रस्सा वाढवा! आलोच!" नारायणराव शिडीवरूनच ओरडले.