ड्रायव्हर असून ट्रेन?

सौदीतल्या हफ्र अल बातिनच्या कॅम्पात एक रत्नागिरीकडचा ड्रायव्हर होता. बोलताना मान किंचित डावीकडे वळवायचा. त्याचा डावा डोळा गेलाय, हे फक्त मला, कॅम्पच्या कंपाउंडरला ठाऊक होतं. तपासणीच्या कागदावर 'नजर उत्तम' मीच लिहायचो.

एकही अपघात नाही म्हणून कंपनीनं त्याला बायकोसह जर्मनीची सहल दिली. मेसमध्ये तो म्हणाला, "ट्रेननंच फिरू. तिच्या शेजारी बसून बाहेर बघता येईल."

सुपरवायझर हसला. "ड्रायव्हर असून ट्रेन? डोळे गेले काय रे?"

ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं. कागद उघडा पडला तर माझीही नोकरी खलास.

"भाड्याची गाडीच घ्या, भाऊ," मी म्हणालो.

तिकडे डावीकडून आलेला ट्रक त्याला दिसला नाही. बायको एकटीच परतली.

त्यानं हट्टानं गाडी घेतली, असं मी आजवर सांगत आलो. त्याला ट्रेनच हवी होती.