वरची रेघ

माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही, चौथीपर्यंतच शिकले. वाचणाऱ्याने माफ करावं. एरवी मी आता माफीचा शब्द जपून वापरते. त्यानेच माझ्या मुलीचं वर्ष जाणार होतं.

मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. दुपारच्या इतिहासाच्या पेपरात तिच्या बाकाखाली चिठ्ठी सापडली. मला कॉलेजात बोलावलं. मी भांडुपला एका खानावळीत चपात्या लाटते, हाताचं पीठ धुऊन तशीच गेले. चौकशीच्या मॅडम एकट्याच आत होत्या. मुलीला बाहेर उभं केलं होतं.

"ताई, दोन ओळी लिहून द्या, विषय इथेच मिटेल."

शिकलेल्या माणसांसमोर माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही. मी लिहिलं, "मुलीचं काही चुकलं असेल तर माफी असावी." पाहुण्यांना पोटभर जेवू घालूनही आम्ही असंच म्हणतो. मॅडमनी तो कागद कबुली म्हणून लावला. सगळे पेपर रद्द, वर पाच हजार दंड. मुलीला काही विचारलंच नाही. दंड मी पगारातून उचल घेऊन भरला.

"आई, तू 'असेल' लिहिलंस गं," मुलगी म्हणाली. "त्यांनी 'आहे' वाचलं."

त्या दिवसापासून कणीक तिंबताना मला मॅडमचा चेहरा दिसायचा. मी जोर लावायचे. खोटं कशाला लिहू, त्यांचं वाईट व्हावं असंच वाटायचं.

अर्ज मुलीने लिहिला, सही मी केली. चिठ्ठी दाखवा आणि मुलीचं ऐका, एवढंच. तीनदा परत आला. चौथ्यांदा आम्ही दोघी प्राचार्यांच्या दाराशी बसलो.

"मावशी, सर बिझी आहेत," शिपाई म्हणाला.

"असू देत. मी खाडा करून आलेय."

शेवटी सरांनी आत घेतलं, मॅडमना बोलावलं, चिठ्ठी टेबलावर ठेवली. भरभर लिहिलेली अक्षरं, एकावरही वरची रेघ नाही. माझी मुलगी लिहायला शिकली माझ्याकडे बघून. आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची, मग दोरीवर कपडे टाकावेत तशी खाली अक्षरं. यापायी तिचे पेपर अपुरे राहतात, पण सवय जात नाही.

"सर, हिने रेघेशिवाय एक अक्षर लिहिलेलं दाखवा."

सरांनी तिची उत्तरपत्रिका मागवली. शेवटच्या पानावर नुसती रेघ होती, वेळ संपला होता.

"दुसऱ्या कोणी लिहून दिली असेल," मॅडम म्हणाल्या.

"त्या बाकावर सकाळी कोण होतं?" सरांनी विचारलं. मॅडमना माहीत नव्हतं. सरांनी सकाळची प्रश्नपत्रिका आणवली. चिठ्ठीतली उत्तरं त्याच पेपराची निघाली.

मॅडम हळूच म्हणाल्या, "गैरसमज झाला असेल."

माझं तोंड कसं उघडलं मला माहीत नाही. "मॅडम, 'असेल' नको. 'चूक झाली' असं लिहून द्या. आत्ता, मुलीच्या समोर."

त्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला. मॅडमनी लिहिलं, मी डोळे भरून बघितलं.

शिक्षा रद्द झाली, मुलीचा निकाल लागला, ती पास झाली. त्याच आठवड्यात दंड परत घ्यायला गेले. क्लार्क म्हणाला, "मावशी, अर्धे आता घ्या, अर्धे पुढच्या फीत वळते करतो." मी खुर्चीवरून उठले नाही. व्हाउचरवर त्या मॅडमची सही लागत होती, त्यामुळे त्यांनाही तिथेच ताटकळत उभं राहावं लागलं. मला घाई नव्हती. क्लार्कने कपाट उघडलं आणि पाचच्या पाच हजार माझ्या हातात दिले.