दोरी तेवढीच, जागा वेगळी

चौथीच्या बाईंचा आवाज पूर्वी शाळेच्या फाटकापर्यंत पोचायचा. शेजारच्या वर्गातले विज्ञानाचे सर गमतीने म्हणायचे, "तुमच्या पाढ्यांमुळे माझ्या सातवीचीही उजळणी होते." मग बाईंच्या गळ्यातली एक गाठ काढावी लागली. गाठ साधीच निघाली, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण आवाजाची नस दुखावली ती दुखावलीच. शुद्धीवर आल्यावर बाईंनी पाणी मागायला तोंड उघडलं, तर वाळल्या पानांवर पाय पडावा तसा काहीतरी आवाज बाहेर आला. "सुधारेल थोडाफार," डॉक्टर म्हणाले. आणि तो थोडाफारच सुधारला.

बाई शाळेत परतल्या त्या कमरेला एक छोटा स्पीकर लावून. मुलांनी त्याचं नाव ठेवलं 'बाईंचा डबा'.

त्याच वर्षी प्रमाणपत्राचं काम अंगावर आलं. बाई कंत्राटावर होत्या. नोकरी पक्की व्हायची तर शिक्षकाचं प्रमाणपत्र हवं, आणि त्यासाठी आपल्या कामाचा पोर्टफोलिओ तपासणीला पाठवायचा. त्यात पाठाची आखणी, शिकवतानाचा कुठेही न कापलेला व्हिडिओ, मुलांच्या वह्यांचे नमुने, आणि या सगळ्यावर स्वतः लिहिलेली पानं: काय केलं, का केलं, कुठे फसलं.

"मी नाही पाठवत," बाईंनी घरी जाहीर केलं.

घरात नवरा होता, जो बायकोच्या निर्णयावर मान डोलवायचा, आणि थोरली नणंद होती, जी कधीच डोलवायची नाही. ताई शस्त्रक्रियेच्या वेळी आठवडाभर मदतीला म्हणून आल्या होत्या. तो आठवडा लांबत गेला आणि आता कपाटातला एक खण त्यांचा झाला होता.

"का नाही पाठवत?" ताईंनी शेंगा सोलता सोलता विचारलं.

"या आवाजात? तपासणारे पहिल्या मिनिटाला बंद करतील."

"करू देत की. पण तू पाठवलंच नाहीस तर बिचाऱ्यांना बंद करायलाही काही मिळायचं नाही. त्यांच्या पोटावर का पाय देतेस?"

नवऱ्याला हसू आवरेना. बाईंनी त्याच्याकडे रागाने पाहिलं, पण दुसऱ्या दिवशी पालकांच्या संमतीचे कागद मुलांच्या हाती देऊन टाकले. सगळे सह्या होऊन परत आले. एका आईने खाली लिहिलं होतं, "चालेल. फक्त त्या दिवशी शर्ट खोचलेला आहे ना, तेवढं बघा."

व्हिडिओ घ्यायला विज्ञानाचे सर आपला मोकळा तास सोडून आले. वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात तिपाई लावली, फोन बसवला, अंगठा वर करून खूण केली. पाठ होता परिमिती आणि क्षेत्रफळाचा. प्रत्येक जोडीला सारख्याच लांबीची, टोकं बांधलेली दोरी दिलेली. चौकटीच्या कागदावर ती ठेवून आयत करायचे आणि आतले चौकोन मोजायचे.

बाईंनी सुरुवात केली, "आता मला सांगा..." आणि डबा बंद पडला. त्यांनी बटण दाबलं, थोपटलं, पुन्हा दाबलं. डबा ढिम्म. सरांनी लांबून हातानेच विचारलं, थांबवू का? थांबवलं तर व्हिडिओ कापलेला ठरणार. बाईंनी मानेनेच नकार दिला आणि पुढच्या बाकाजवळ जाऊन जेवढा होता तेवढ्या आवाजात विचारलं, "दोरी तीच राहिली, तर आतली जागाही तेवढीच राहील का?"

पुढच्या बाकाने मागे वळून तोच प्रश्न दुसऱ्या बाकाला विचारला, दुसऱ्याने तिसऱ्याला. भिंतीकडच्या रांगेतली दोन वेण्यांची मुलगी ताडकन उठली. "तेवढीच राहणार! दोरी तीच आहे ना!"

"मग हे बघ," पलीकडचा चष्मेवाला म्हणाला, "मी लांबडा केला तर आत एवढेसेच बसले."

"तुझं मोजायला चुकलं."

"ये, तूच मोज."

ती गेली. मोजलं. पुन्हा मोजलं. मग स्वतःची दोरी घेऊन आली आणि त्याच्या शेजारीच बसून तिने आयत बारीक केला, जाड केला, शेवटी चौरस केला. तोवर सगळा वर्ग त्या दोघांभोवती गोळा झाला होता. बाई कडेला उभ्या राहून मधूनच कुणाच्या कानाशी वाकत होत्या, "तुला काय वाटतं?" एवढंच विचारत होत्या.

"दोरी तेवढीच, पण जागा वेगळी!" वेण्यावाली ओरडली. हरल्याचं तिला भानही नव्हतं.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर व्हिडिओ लावला. बाईंनी सुरुवातीलाच डोळे मिटून घेतले. "ऐकवत नाही मला. बघा, कसा घोगरा येतोय."

"अगं, तुझं गाणं ऐकायला बसलोय का आम्ही?" ताई म्हणाल्या. "डोळे उघड. ही पोरं कशी भांडतायत बघ! तू नुसती कानाशी लागतेस आणि ती पेटतात."

बाईंनी डोळे उघडले. पाहता पाहता त्या पुढे सरकल्या. गेले कित्येक महिने त्यांना मोठ्याने बोलता येत नव्हतं, म्हणून मुलं एकमेकांचं ऐकायला शिकली होती, प्रश्न पुढे पोचवायला शिकली होती, आणि हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. नवऱ्याने चहाचा कप जवळ सरकवला.

तोच व्हिडिओ पाठवायचा ठरलं. बाईंनी डबा बंद पडल्याचंही लिहिलं, मुलांनी प्रश्न कसा पोचवला तेही, आणि हेही, की शेवटी लिहायला वेळ कमी पडला, त्यामुळे काही वह्या अर्ध्याच राहिल्या. दोन वेण्यांच्या मुलीची खोडलेली आकृती त्यांनी नमुन्यांत पहिली ठेवली. शब्दमर्यादा ओलांडली तेव्हा सरांनी बसून वाक्यं छाटली. स्वतःच्या स्तुतीचं एक तेवढं ठेवा, म्हणाले, कामाला येतं. शाळेच्या वाचनालयातून सगळं पाठवलं. 'मिळाले' अशी ओळ पडद्यावर आली तेव्हा ग्रंथपालबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि मग स्वतःच 'शांतता राखा' या पाटीकडे बघून ओशाळल्या.

निकाल आला. उत्तीर्ण. लिखाणात गुण बेताचेच होते, अर्ध्या राहिलेल्या वह्यांवर बोट ठेवलेलं होतं. मुलांच्या चर्चेला मात्र सगळ्यात वरचा गुण. आवाजाबद्दल एक अक्षरही नव्हतं.

बाईंनी आधी वर्गाला सांगितलं. "तुमच्यामुळे झालं हे," त्या म्हणाल्या. हे मागच्या बाकापर्यंत पोचायला थोडा वेळ लागला, कारण वाटेत प्रत्येकाला ते पुन्हा सांगायचं होतं. सरांचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला, तर एवढा उंच माणूस लाजून खिडकीबाहेर बघू लागला.

संध्याकाळी घरी ताई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. बाई त्यांच्याजवळ बसल्या. "ताई, तुम्ही नसता तर मी पाठवलंच नसतं. कसे आभार मानू?"

"मानू नकोस," ताई म्हणाल्या आणि चादरीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. "धर. एकटीला जमत नाही ही."

दोघींनी मिळून तिची घडी घातली.