दाराशेजारचा चौकोन

समोरच्या शालिनीकाकूंनी दिवाळीआधी घराला आकाशी रंग दिला, पण दाराशेजारी भिंतीचा एक चौकोन तसाच मळका ठेवला. तिथे सरकारी आकडे आहेत. घरपट्टीवाल्यांचा लाल, भूमापनवाल्यांचा काळा, आणखी कुणाकुणाचे. जो तो जाताना बजावून गेला होता, "पुसू नका." काकूंनी बिचाऱ्यांनी जपले.

आज हातात टॅब घेऊन एक माणूस आला. सगळ्या खात्यांच्या नोंदी म्हणे आता एकत्र करायच्या आहेत. मी गॅलरीतून बघत होतो. त्याने आकडे टॅबमध्ये टाकले आणि मान हलवली.

"काकू, घरपट्टीत घर आहे, पण भूमापनात इथे मोकळी जागा दाखवतंय. जुळत नाही."

"मग मी राहते कुठे?"

"तसं नाही हो, नोंदीत म्हणतोय मी."

घरपट्टी घेताना मात्र घर बरोबर दिसत होतं! दोन कचेऱ्यांचं आपसात जुळत नाही, तेव्हा कचेऱ्यांवर कुणी शंका घेत नाही, घरावर घेतात. ऊनपाऊस झेललेली भिंत खोटी, आणि या गल्लीत कधी न फिरकलेल्या माणसाने भरलेला रकाना खरा.

काकूंनी त्याला पाणी दिलं. त्या मोकळ्या जागेतल्या स्वयंपाकघरातून आलेला तांब्या त्याने घटाघटा रिकामा केला. चौकोनात आता जागा उरली नव्हती. म्हणून कोऱ्या आकाशी रंगावरच त्याने मोठं लाल प्रश्नचिन्ह काढलं.

"पुसू नका," तो म्हणाला.