ढालीचं पान

कारंजा गावात बसस्टँडसमोर माझ्या मित्राचं मोबाइल कव्हरांचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की काउंटरवर आम्ही राक्षस-योद्ध्यांच्या पत्त्यांचा खेळ मांडतो. ज्याने त्याने आपापल्या पानांचा डेक जुळवून आणायचा. गावात हा खेळ येणारे आम्ही दोघंच.

त्याच्या डेकमध्ये नुसती स्फोटाची पानं भरलेली. एक पान तर दोघांचेही मांडलेले सगळे योद्धे उडवतं. स्वतः जिंकत आला असला तरी तो तेच टाकतो.

"काहून फोडलं बे? जितून राह्यला होता ना तू!"

"मले जितायचंच नाई. तुह्यं उभं दिसलं का डोकं फिरते माह्यं."

पानांना मात्र जपतो. स्क्रीनगार्डचं प्लास्टिक कापून, फुंकर मारून, एकेकाला कव्हर घालतो.

त्याच्याकडे वार अडवणारी एकही ढाल नाही म्हणून मी अकोल्याहून त्याला ढालीचं एक चांगलं पान आणून दिलं. त्याने ते कपाळाला लावलं.

पुढच्या आठवड्यात गेलो, तर नव्या स्फोटाच्या पानासाठी कव्हर कापणं चाललं होतं. प्लास्टिकवर मापाला मी दिलेलं ढालीचं पान दाबून धरलेलं, त्याच्या चारी कडा कटरने चिरलेल्या.

"मापाले झकास आहे," तो म्हणाला. "बस ना, पत्ते पीस."

मी पिसले.