नव्या स्प्रिंगांवरून रामाकोन्याला

पांढुर्ण्याहून सौंसरमार्गे रामाकोना म्हणजे सव्वा-दीड तासाचा रस्ता. लोक लडाख-स्पितीबद्दल लिहितात, तिथं या एवढ्याशा प्रवासाचं काय लिहायचं, असं तुम्हाला वाटेल. पण आम्हाला तिथं पोचायला चौदा महिने लागले. ज्यांच्या घरात कुणाची पाठ दुखावलेली आहे आणि दारात जुनी गाडी उभी आहे, त्यांच्या हे कामी येईल म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या बायकोचं, सुनंदाचं, मणक्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर बरेच महिने ती घरातच होती. रामाकोन्याला तिची थोरली बहीण राहते. सुनंदाहून तेरा वर्षांनी मोठी, आम्ही सगळे तिला बाई म्हणतो. आई लवकर गेल्यामुळे बाईनंच सुनंदाला वाढवलं. दोघींचा रोज संध्याकाळी फोन. पण नेमके त्याच सुमारास बाईचे कान गेले. सुनंदा विचारायची, जेवलीस का, तर तिकडून उत्तर यायचं की मिरच्या वाळल्या. कानातलं यंत्र बाईला सोसत नव्हतं. व्हिडिओवर दोघी नुसत्या एकमेकींकडे बघत राहायच्या. मी बाईला आणायला एकदा गेलोही होतो. तिनं साफ नकार दिला. घरात आजारी माणूस असताना तिथं जाऊन मी कशाला ओझं होऊ, असं तिचं म्हणणं.

डॉक्टरांनी गाडीत बसायची परवानगी दिली, ती दोन अटींवर: दणके बसता कामा नयेत आणि दर अर्ध्या तासानं उतरून चालायचं. डिसेंबरअखेर आम्ही निघालो. मागच्या सीटवर गादी टाकून सुनंदाला झोपवलं. वाटेतल्या तिगावच्या आसपास पोचेपर्यंत तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी गाडी वळवली. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "आता फोनच बरा." ते वाक्य मला सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी दिलीपभाऊंकडे नेली. गावातले जुने मेकॅनिक, बोलणं कमी, हात बारीक कामाचे. मी म्हटलं, स्प्रिंग बदलायच्या आहेत, एकदम मजबूत टाका. नागपूरच्या एका दुकानदारानं मला फोनवर जास्तीत जास्त जाड तारेच्या स्प्रिंगा सुचवल्या होत्या. दिलीपभाऊंनी गाडीखाली वाकून पाहिलं आणि विचारलं, मागच्या स्प्रिंगांत हे रबराचे ठोकळे कुणी घातले?

मीच घातले होते. तीन वर्षांपूर्वी घरच्या संत्र्यांचे क्रेट भरले की गाडी मागून खाली बसायची, म्हणून स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये ते ठोकळे दाबून बसवले. गाडी उचलली गेली, मी खूश झालो, आणि विसरून गेलो.

दिलीपभाऊ मला म्हणाले, "सर, तुमी नेहमी पुढं बसता, हातात स्टेअरिंग राहते. आज मागं बसा. गाडी मी चालवतो."

त्यांनी मला मागच्या सीटवर आडवं व्हायला लावलं आणि रेल्वेलाइनच्या बाजूच्या खडबडीत रस्त्यानं नेलं. वेग फार नव्हता. तरी प्रत्येक खड्डा सरळ माझ्या माकडहाडात उतरत होता, आणि पुढचा कधी येणार हे झोपलेल्या माणसाला दिसतही नाही. दहा मिनिटांत मी थांबवा म्हणालो. माझी पाठ धडधाकट आहे. सुनंदानं तिगावपर्यंत काय सोसलं असेल, ते मला त्या सीटवर कळलं. मी शाळेत विज्ञान शिकवतो. स्प्रिंगचा नियम फळ्यावर किती वर्षं लिहितो आहे, कुणास ठाऊक. आणि माझ्याच गाडीची स्प्रिंग मी रबर कोंबून बंद करून टाकली होती.

आता कामाची गोष्ट. आरामासाठी स्प्रिंग बदलताना सर्वांत जाड स्प्रिंग घेऊ नका. जाड स्प्रिंग भार उचलते, पण रिकाम्या गाडीत ती दबतच नाही, मग दणका वर येतो. दिलीपभाऊंनी आमच्या मॉडेलच्या मापाच्या, एका टोकाला वेढे जवळजवळ असलेल्या स्प्रिंगा मागवल्या. हलक्या भारावर त्या मऊ राहतात आणि भार वाढला की घट्ट होतात. सोबत चारही शॉकअप बदलायला लावले. त्यांचं सांगणं साधं होतं: स्प्रिंग दणका गिळते, पण नंतर झुलत राहते, तिला थांबवायचं काम शॉकअपचं. नुसत्या स्प्रिंगा टाकल्या तर गाडी पाळण्यासारखी झुलेल, आणि दुखऱ्या पाठीला तेही नको.

सामान नागपूरहून यायला तीन दिवस, बसवायला एक दिवस. खर्च साधारण एका बऱ्या मोबाइलएवढा. त्यानंतर चाकांचं अलाइनमेंट करून घ्यायचंच, आणि टायरमध्ये हवा कंपनीनं सांगितली तेवढीच, एक पौंडही जास्त नाही. आठवडाभर गाडी रिकामी चालवा म्हणजे स्प्रिंगा बसतात, मग बोल्ट पुन्हा आवळून घ्या. तो आठवडा मी शाळेत रोज लांबच्या रस्त्यानं गेलो. शेवटी दिलीपभाऊंना गाडी चालवायला देऊन मी पुन्हा मागं आडवा झालो, त्याच रस्त्यावर. खड्डे कळत होते, पण हाडापर्यंत पोचत नव्हते. त्यांनी आणखी एक सांगितलं: मागची सीट चाकांच्या वर येते, तिथं दणका जास्त, म्हणून वहिनींना पुढं बसवा, पाठ थोडी मागं टेकवून. संत्र्याचे क्रेट मात्र इथून पुढं भाड्याच्या गाडीत न्यायचे, असं मी तिथंच ठरवून टाकलं.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी आठला निघालो. धुकं विरलं होतं, ऊन कोवळं. सुनंदाला मी स्प्रिंगांबद्दल सगळं समजावून सांगितलं होतं. ती सीटवर बसली, पट्टा लावला, आणि तरीही दोन्ही हातांनी दाराच्या वरचं हँडल धरलं.

मी चाळीसच्या पुढं गेलो नाही. रस्ता बहुतेक ठिकाणी चांगला आहे. गावांतले गतिरोधक आणि ओढ्यांवरच्या मोऱ्यांजवळचे उंचवटे तेवढे सांभाळायचे. कापसानं भरलेल्या गाड्या पुढं असल्या की घाई करू नका. दर दोन-तीन मिनिटांनी मी विचारत होतो, दुखतं का, बरं आहे ना, थांबू का. ज्या ठिकाणाहून आम्ही मागं वळलो होतो, ते तिगावजवळचं वळण आलं आणि गेलं. मी पुन्हा विचारलं.

"तुमी विचारणं बंद करा बरं," सुनंदा म्हणाली. "दुखलं तर मी सांगीन. आता मले बाहेर पाहू द्या."

मी पाहिलं तर तिनं हँडल सोडलं होतं. हात मांडीवर होते. ती संत्र्याच्या बागांकडे बघत होती आणि कुठल्या बागेत फळ उरलंय, कुठली तोडून झाली, ते स्वतःशीच बोलत होती.

वाटेत एकदा उतरून चाललो, पाच मिनिटं, बाभळीच्या सावलीत. सौंसरला नाश्ता केला. हिवाळ्यात इकडं आलात तर सांबारवडी सोडू नका; सांबार म्हणजे कोथिंबीर, वरच्या पातळ कवचात गच्च भरलेली. तर्रीपोहे आणि दोन वड्या, दोघांचं मिळून शंभराच्या आत. हॉटेलवाल्या मावशींनी सुनंदाच्या कमरेचा पट्टा पाहिला आणि न विचारताच बाकाऐवजी आतून हात टेकायची खुर्ची आणून दिली. कुठं निघाल्या, विचारलं. सुनंदानं सांगितलं, बहिणीकडे, रामाकोन्याला. किती दिवसांनी, विचारल्यावर म्हणाली, चौदा महिन्यांनी. मावशींनी बाईसाठी चार वड्या कागदात बांधून दिल्या, त्यांचे पैसे काही घेतले नाहीत.

सौंसर सोडल्यावर मला जरा जास्तच विश्वास आला असावा. रस्ता मोकळा होता, काटा साठवर गेला, आणि एका मोरीच्या तोंडाशी न रंगवलेला उंचवटा मला उशिरा दिसला. ब्रेक दाबेपर्यंत गाडी त्यावरून गेली. पुढचं उचललं, मागचं उचललं, एकदा दबलं आणि थांबलं. मी बाजूला घेऊन गाडी उभी केली. सुनंदानं डोळे मिटले होते. काही क्षण ती आपल्या पाठीची चौकशी करत असल्यासारखी बसून राहिली. मग डोळे उघडून म्हणाली, "काही नाई झालं. चला. पण हळू."

पुढचा सगळा रस्ता मी तीसनं गेलो.

बाईचं घर गावात जरा आत आहे. दारापुढं तीन पायऱ्या. बाईचा मुलगा प्रशांत बाहेर वाट बघत उभा होता. बाई ओसरीवर तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसली होती. आम्ही येणार हे तिला सांगितलेलं होतं, पण तिला ते कळलं नव्हतं किंवा पटलं नव्हतं. प्रशांतनं सुनंदाला धरायला हात पुढं केला. सुनंदानं तो नको म्हटला. ती स्वतः दार उघडून उतरली, क्षणभर ताठ उभी राहिली आणि चालत जाऊन तिन्ही पायऱ्या चढली.

बाईच्या हातातलं सूप खाली पडलं. सोललेले दाणे ओसरीभर पसरले. तिनं सुनंदाचे दंड धरले, मग खांदे, मग पाठीवरून हात फिरवत खाली पट्ट्यापर्यंत नेला.

"तू चालते?" ती म्हणाली. "तू तर चालून राहिली."

मग सगळं उलगडलं. व्हिडिओवर बाईला नेहमी उशीवर टेकलेली सुनंदाच दिसायची. शब्द ऐकू येत नव्हते. प्रशांत खुणा करून, ओरडून सांगायचा की मावशी बरी आहे, पण बाईची खात्री झाली होती की सुनंदा आता कधी उठणार नाही आणि सगळे मिळून तिच्यापासून लपवत आहेत. चौदा महिने हे मनात ठेवून ती रोज संध्याकाळी फोन कानाला लावत होती. सुनंदानं तिच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, ऐकू येत नव्हतं तर फोन धरायची कायले? बाई म्हणाली, "शब्द नाई समजत. पण तूच बोलून राहिली, एवढं समजे."

बाई, प्रशांत आणि मी, तिघांनी खाली बसून दाणे गोळा केले. सुनंदाला वाकता येत नाही म्हणून ती खुर्चीवर बसून कुठे उरलेत ते बोटानं दाखवत होती, आणि बाई तिच्याकडे बघून हसत होती. जेवायला त्याच ओल्या दाण्यांची, म्हणजे सोल्यांची भाजी आणि ज्वारीची भाकर. दुपारी दोघी एका खोलीत आडव्या झाल्या.

परतताना बाई आमच्यासोबत निघाली. कुणी आग्रह केला नव्हता. सुनंदा चपला घालत होती तेव्हा बाई पिशवी भरून मागच्या सीटवर जाऊन बसलेली. पंधरा दिवस राहीन, म्हणाली. मी तिला मध्यभागी बसवलं, पाठीशी उशी दिली आणि अंधार पडायच्या आत पांढुर्ण्याला पोचलो. वाटेत ती झोपली होती, म्हणजे मागच्या सीटबद्दल वेगळं काही विचारायची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी सुनंदाची पाठ दुखली, हे प्रामाणिकपणे सांगतो. दिवसभर पडून राहावं लागलं. तिसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी उठली. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, एवढं चालतं. तेव्हा स्प्रिंगा बदलल्या म्हणजे पाठ बरी झाली, असं समजू नका. पण जाता येतं.

चौथ्या दिवशी सकाळी मी अंगणात गाडी धूत होतो. आत दोघी बोलत होत्या. बाईला ऐकू जावं म्हणून सुनंदा मोठ्यानं बोलत होती, इतकं की शेजारपाजारच्यांनाही ऐकू जावं. चौदा महिने फोनवर सांगितलेलं आता सगळं पहिल्यापासून सांगत होती: दुखणं कसं सुरू झालं, डॉक्टर काय म्हणाले. मग ऑपरेशनच्या आदल्या दिवसावर आली.

"मीच यायले म्हटलं, तुमी घरी जा, जेवा, झोपा," ती माझ्याबद्दल सांगत होती. "हे गेले. मले वाटत होतं, यायनं थांबावं. पण मी कसं म्हणू?"

त्या संध्याकाळी मी खरंच दवाखान्यातून निघून गेलो होतो. ती शांत दिसली म्हणून. तिनं हे मला कधी सांगितलं नव्हतं, आणि कदाचित सांगितलंही नसतं.

मी नळ बंद केला, हात पुसले आणि आत गेलो. मला पाहून सुनंदा थबकली. मी तिच्या शेजारी बसलो आणि म्हटलं, सांग पुढं.