टेबलाच्या अलीकडे

रमजानात इथे परदेशात, आमच्या सँडरिंगहॅम उपनगरातल्या एका किराणा दुकानाबाहेर एक वयस्कर गृहस्थ संध्याकाळी घडीचं टेबल मांडतात. रत्नागिरीकडचे, पांढरी दाढी, पायात जॅन्डल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात दोन्ही हातांनी खजूर ठेवतात आणि दिवसभराचा रोजा असूनही स्वतः सगळ्यांत शेवटी खातात. नाव मी कधी विचारलं नाही.

पहिल्या दिवशी मी चक्क म्हटलं होतं, "कसे दिले?"

"विकायचे नाहीत, ताई. घ्या." मग माझा ओशाळलेला चेहरा बघून हसले. "कुवेतला तीस वर्षं ड्रायव्हर होतो. रमजानात तिथले लोक मोठाले तंबू टाकून आम्हाला जेवू घालायचे. अगदी मनापासून, खोटं कशाला बोलू? पण तिथं देणारा तो तिथला आणि रांगेतला तो बाहेरचा. मी तीस वर्षं रांगेत होतो."

"आणि इथे?"

त्यांनी टेबलावर थाप मारली. "इथे लेकीकडे येऊन दोनच वर्षं झाली. पण टेबलाच्या अलीकडे उभा आहे ना!"

मला इथला पासपोर्ट मिळून नऊ वर्षं झाली आहेत. त्यांचा खजूर हातात धरून मी टेबलाच्या पलीकडे उभी होते.